सूट

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस.
शटर अर्धं वर. वाकून आत जायचं,
म्हणजे माझ्यासाठी थांबून, श्वास घेऊन, मग वाकून.
इनास डाबरे आत बसलेले,
कानात कापूस, खिशात चपटी पेन्सिल.
चाळीस वर्षं ओतशाळांना लाकडी पॅटर्न करून दिले,
पंपांचे, व्हॉल्व्हचे. आता गिऱ्हाईकच उरलं नाही,
म्हणून यंत्रं काढली विकायला.

"कुणासाठी बघताय?"
माझ्यासाठी.
त्यांची नजर माझ्या बोटांवर आली,
आल्याच्या गड्ड्यासारखी बोटं,
तिथं जरा टेकली, आणि उठली.

मी यादी करून नेली होती.
यंत्रांची नव्हे, माझी.
मूठ: सकाळी अकरापर्यंत मिटत नाही.
उभं राहणं: वीस मिनिटं.
शनिवारी आठवड्याची गोळी, तेव्हा रविवार धरायचा नाही.
घर ऐरोलीला, तळमजला, सिंगल फेज.

रंध्याचं यंत्र अठरा इंची,
बिडाचं टेबल घासून घासून काळं झालेलं,
पाण्यातून उठलेल्या म्हशीच्या पाठीसारखं गार.
मन गेलं त्याच्यावर, खोटं कशाला बोलू.
पण फळी रेटायला जो खांदा लागतो
तो माझ्याकडे बारा वर्षांपूर्वी होता.

गोल करवतीपाशी थांबलेच नाही.
तिला हाताचं उत्तर ताबडतोब लागतं.
माझे हात विचार करून सांगतात.

कोपऱ्यात बँडसॉ.
हिरवा रंग पोपडे धरलेला, अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर,
स्टुलावर बसलं तर टेबल नेमकं कोपराशी.
वरचं चाक फिरवून पाहिलं, बेअरिंग कुरकुरलं नाही.
माझ्या मनगटाहून बरं.
पातं गंजलेलं,
पण पातं बदलता येतं.

मग बटण. गोल, हिरवं, खोल बसलेलं.
अंगठ्यानं दाबलं. नाही.
दोन्ही अंगठ्यांनी. नाही.
तळव्याच्या टाचेनं, तर कडा आडवी.
लाल बटणही तसंच.
चालू करता येत नाही याचं एवढं नाही.
बंद करता येणार नाही, याचं.

डाबरे काही बोलले नाहीत.
भंगारातून सागाच्या दोन चिपा उचलल्या,
बिजागऱ्या शोधल्या, स्क्रू दातात धरले.
हिरव्यावर छोटी झडप, लालवर मोठी,
गुडघ्यापर्यंत लोंबणारी.
"चालू व्हायला उशीर झाला तर चालतो," म्हणाले,
"थांबायला नाही. मांडीनं ढकला."
ढकललं. थांबलं.

अठरा हजार म्हणाले. मी चौदा म्हटलं.
साडेसोळावर आले,
आणि झडपांचे दोनशे वेगळे.
दोनशे!
हल्ली लोक मला सगळंच फुकट देतात,
बसायला जागा, सल्ले, लिंबाचं लोणचं.
मी हुज्जत न घालता दोनशे मोजले.

टेम्पो येईपर्यंत त्यांच्या बाकावरची पोलादी पट्टी
माझ्या पट्टीला लावून बघितली.
फुटाला सूतभर लांब.
"ही चुकलीय तुमची."
"चुकली नाही. बीड निवताना आकसतं,
फुटामागे एक सूत.
तेवढी सूट आधीच धरलीय तिच्यात."
विकत मागितली.
म्हणाले, ती विकायची नाही.

बुधवारी, साडेअकराला,
मास्क, चष्मा, स्टूल.
मांडीनं दोनदा बंद करून पाहिलं,
मग आंब्याची फळी लावली
आणि रेघेच्या सूतभर बाहेरून कापली.
मुद्दाम.
उरलेलं कानशीनं, उद्या, परवा,
हात म्हणतील तेव्हा.

टेम्पोत चढवताना डाबरे ओरडून म्हणाले होते,
काम झालं की पातं सैल करून ठेवा,
ताणलेलं राहिलं की तुटतं.
खरंय.
पण सैल करायची ती मूठ गोल आहे, गुळगुळीत,
अगदी वर.
तिचं काय करायचं
ते बघतेय.